दुधाच्या पिशव्यांची क्रोशे बॅग केली, पण पट्टा गुडघ्याला लागला. काय करू?

डबलबेल

रामराम मंडळी. मी एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर, मुक्काम कराड. गेल्या पावसाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दोन महिने घरात बसायची वेळ आली. चौतीस वर्षं उभ्यानं काढलेला माणूस, बसून काय करणार? टीव्ही बघून डोकं उठलं, पेपर जाहिरातींसकट पाठ झाला. शेवटी सौ. नी वैतागून हातात क्रोशाची सुई दिली. म्हणाली, "अहो, जिभेपेक्षा हात हलवा जरा."

तोरणाचा दोरा इतका बारीक की मला टाकाच दिसेना. मग तिनं दुधाची रिकामी पिशवी कापून पट्टी करून दिली आणि म्हणाली, यावर शिका. आता तीच पस्तावली आहे, कारण आमच्याच काय, शेजारच्या दोन घरांतली पिशवीसुद्धा मी भंगारात जाऊ देत नाही.

माझी पद्धत अशी. अर्ध्या लिटरची पिशवी घ्यायची, वरचा आणि खालचा जोड कात्रीनं उडवायचा. मधे नळी उरते. ती नळी बटाट्याची साल एका दमात सोलावी तशी गोल गोल कापत जायचं, पट्टी 2 सेंटीमीटर रुंद. एका पिशवीतून सव्वादोन मीटरच्या आसपास पट्टी निघते. दोन्ही टोकांना बारीक चीर पाडायची आणि एकीच्या चिरेतून दुसरी ओवून ओढायची, गाठ नको की डिंक नको. सुई 7 मिलिमीटरची, सगळं काम मुक्या खांबाचं, म्हणजे क्रोशाच्या आखूड घट्ट टाक्याचं. बॅगेला 119 पिशव्या लागल्या. वेबिल, म्हणजे कंडक्टरचा तिकिटांचा हिशेब, भरायची सवय सुटत नाही, त्यामुळे आकडा पक्का आहे.

बॅग दिसायला झकास झाली. निळ्या छपाईचे ठिपके मधे मधे आपोआप येतात, कुणाला सांगूनही पटत नाही की हे दुधाचं प्लास्टिक आहे. मोठ्या ऐटीत खांद्याला अडकवून मंडईत गेलो. दोन किलो बटाटे, किलोभर कांदे, एक दुधी, दोन नारळ आणि वर मेथीची जुडी. निघालो तेव्हा बॅग कमरेला होती. कोपऱ्यावरच्या रसवंतीपर्यंत मांडीवर आली, आणि घराच्या जिन्यापाशी ऑपरेशनवाल्याच गुडघ्यावर दर पावलाला दुधी आपटायला लागला. सौ. गॅलरीतून बघत होती. ती हसली ते जाऊ द्या, वरच्या मजल्यावरची मंडळीही हसली.

घरी येऊन टेपनं मोजलं. पट्टा मी 46 इंचांचा केला होता, तो 58 झाला होता. रिकामी करून रात्रभर ठेवली, तरी सकाळी 55. पट्टा सहा टाके रुंद आहे, पुढे-मागे, पुढे-मागे करत लांबवत नेला होता.

शिवाय तळ. गोल तळ सपाट यायला हवा होता, तो कढईसारखा खोल आलाय. बॅग टेबलावर ठेवली की लोळते. आयुष्यभर गाडीतली डोकी मोजली, पण टाके मोजताना दर फेरीला एखादा विदाउट तिकीट सुटतोच. आणि तिसरं म्हणजे वास. लांबून नाही येत, पण तोंड आत घातलं की येतो. सौ. म्हणते तोंड आत घालता कशाला. तरी पण.

माझी चामड्याची ड्यूटीची बॅग होती, सुट्या नाण्यांनी भरली की चांगलीच जड व्हायची. एका पट्ट्यावर अकरा वर्षं गेली, बोटभरही लांबला नाही. मग याचंच असं का? सगळी उसवायला लागणार का? उसवायला सांगणार असाल तर जरा हळुवारपणे सांगा.


भेळभत्ता

मास्तर, पट्ट्याला मधे एक गाठ मारा आणि डबल बेल देऊन पुढे चला! विनोद सोडा, बॅग भारी झाली असणार, फोटो टाका. जोड मात्र चिरेतून ओवण्यापेक्षा उदबत्तीनं डाग देऊन चिकटवा, मी पतंगाच्या पिशव्या तशाच चिकटवायचो. एका मिनिटात काम.


उभाधागा

डबलबेल काका, आधी हळुवार बातमी: बॅग उसवायची नाही. फक्त पट्टा काढायचा आहे. तळाचंही बघू.

माझं माहेर इचलकरंजीचं, घरात माग होते, आणि आता वीसेक वर्षं शिवणाचे वर्ग घेते. तुमच्यासारखीच पहिली बॅग मी केली होती, दुधाच्या पिशव्यांची नाही, जुन्या टी-शर्टांच्या पट्ट्यांची. तिचा पट्टा तर इतका ताणला गेला की माझ्या मुलीनं त्याची दोरीउड्यांची दोरी केली. म्हणून हे अनुभवाचे बोल समजा.

पट्टा का लांबला? दोन कारणं एकात एक अडकली आहेत. तुम्ही सहा टाक्यांच्या आखूड ओळी एकावर एक रचत लांबी वाढवलीत. म्हणजे 46 इंचांत शंभराच्या वर ओळी, आणि दर ओळीच्या सांध्याला थोडी ढील. वजन आलं की प्रत्येक सांधा केसभर उघडतो. केसभर गुणिले शंभर, झाले ना बारा इंच? एक जुना कापडी हातरुमाल तिरका धरून ओढा आणि मग काठाच्या दिशेनं ओढा, ढील कुठे असते ते हाताला कळेल.

आता हेच उलटं करा. पट्ट्याच्या पूर्ण लांबीची साखळी आधी घाला, तुमच्या हाताला 115 ते 120 साखळ्या लागतील, आणि त्यावर लांबच्या लांब मुक्या खांबांच्या फक्त चार-पाच ओळी. धागा ओढीच्या दिशेनंच पळतो, त्यामुळे उघडायला जागा कमी. शेवटी दोन्ही कडांनी एकेक ओळ मुक्या टाक्याची (नुसता सरकवून ओढलेला टाका) घट्ट ओढून घ्या. फरक तिथेच दिसेल.

पण एवढ्यानं भागणार नाही. दुसरं कारण खुद्द प्लास्टिक. ते रबरासारखं मागे येत नाही. वजन टांगून ठेवलं की हळूहळू सरकत राहतं, आणि उन्हात गरम झालं की जास्तच. तुमचे 58 चे 55 झाले, 46 नाही झाले, ते यामुळे. तेव्हा माझं स्पष्ट मत: विणीनं वजन उचलायचंच नाही. विणीनं दिसायचं. वजन दुसऱ्या कुणीतरी उचलायचं.

तो दुसरा कुणीतरी म्हणजे जुन्या साडीचा काठ. घरात एखादं विरलेलं नऊवारी असेलच. पदर जातो, अंग जातं, पण काठ ठणठणीत राहतो. कारण काठात उभे धागे दाटीनं बसवलेले असतात आणि ते मागावर ताणूनच चढवलेले असतात. लांबीत काठ ओढून बघा, हलणार नाही. काठाची पट्टी दुहेरी करून दोन्ही कडांनी मशीनची शिलाई मारायची. आणि ही पट्टी फक्त पट्ट्याच्या मागे नाही लावायची, हे महत्त्वाचं. ती बॅगेच्या एका बाजूनं खाली उतरवा, तळाखालून न्या, दुसऱ्या बाजूनं वर आणा आणि पट्टा होऊन परत सुरुवातीला जोडा. म्हणजे बटाटे त्या काठाच्या झोळीत बसतात आणि विण नुसती सोबत असते. मालाच्या गाठोड्याला दोरी तळाखालून घालतात, नुसती वरच्या कानांना बांधत नाहीत, तसंच. तुमचा पट्टा 46, बॅग साधारण 13 इंच उंच आणि तळ 11 धरला, तर 46 अधिक 13 अधिक 13 अधिक 11, म्हणजे 83, आणि जोडावर चढवायला 4. एकूण 87 इंच. नऊवारीच्या एका काठात अशा तीन बॅगा होतील.

मग अस्तर. जुन्या सुती परकराचं चालतं, पॉपलिन असतं ते. अस्तराची गंमत अशी की ते बॅगेपेक्षा इंचभर आखूड आणि घेरालाही किंचित कमी शिवायचं. लोक बरोबर मापाचं शिवतात आणि फसतात, कारण मग वजन आधी विणीवर जातं आणि ती फुगते. आखूड अस्तर आधी ताणलं जातं. काठाची पट्टी विण आणि अस्तर यांच्या मधून न्या, तळाखालून म्हणजे अस्तराच्या तळाखालून, कुणाला दिसणारही नाही.

तळाचं गणित तुम्हाला सोपं आहे. मुक्या खांबाला पहिल्या फेरीत 6 आणि पुढे दर फेरीला 6 वाढ (एकाच टाक्यात दोन टाके घातले की एक वाढ): 6, 12, 18, 24, 30, असं. सहाचा पाढाच आहे. तळ कढईसारखा वर उचलला गेला म्हणजे वाढी कमी पडल्या, झालरीसारखा लाटा मारायला लागला तर वाढी जास्त. तुमचे सुटलेले विदाउट तिकीटवाले तिथे सापडतील. फेरीच्या पहिल्या टाक्याला सेफ्टी पिन लावा आणि ती दर फेरीला वर चढवा. हात घट्ट असेल तरी तळ खोल येतो, म्हणून तळापुरती 8 ची सुई घ्या. हे पुढच्या बॅगेसाठी. आत्ताच्या तळात जुन्या प्लास्टिक फाइलचं कव्हर गोल कापून अस्तराखाली घाला, लोळायची थांबेल.

पुढची बॅग करताना एक सुचवू? भाजीच्या बॅगेला गोल तळ करूच नका. वीस साखळ्या घाला, त्यांच्या दोन्ही अंगांनी विणत फिरा, आणि वाढी फक्त दोन टोकांना, तीन इकडे तीन तिकडे. लंबगोल तळ अंगाला लागून बसतो, चालताना आपटत नाही. तुमच्या गुडघ्याचा प्रश्न तिथेच निम्मा सुटेल.

वास: बहुतेक तुम्ही पिशव्या गरम पाण्यानं धुता. गरम पाण्यानं दुधाचा साका धरतो आणि चिकटून बसतो. आधी गार पाणी, मग साबण. आणि जोड कापून मगच धुवा, आख्खी पिशवी धुतली तर कोपऱ्यातली साय तशीच राहते. तयार बॅग रात्रभर गार पाण्यात मूठभर खाण्याचा सोडा टाकून भिजवा आणि सावलीत उलटी वाळवा. उन्हात नको, ऊन खाऊन हे प्लास्टिक काही महिन्यांत कुरकुरीत होतं.

भेळभत्ता, उदबत्तीचा डाग नको रे. जोड कडक होतो, सुईवरून सरकत नाही, आणि तोच आधी तुटतो. धूर नाकात जातो ते वेगळंच. काकांची चिरेची पद्धत उत्तम आहे.


कोरडाकचरा

सगळ्यांचं कौतुक करून एक कडू बोलतो. आमच्या सोसायटीत सुका कचरा वेगळा करायचं काम सहा वर्षं बघतोय. दुधाची स्वच्छ पिशवी ही प्लास्टिकमधली सरळमार्गी वस्तू आहे. एकाच जातीचं प्लास्टिक, भंगारवाला किलोवर घेतो, वितळवून त्याचं पुन्हा काहीतरी होतं. 2018 च्या प्लास्टिकबंदीतही दुधाच्या पिशव्यांना सूट मिळाली होती ती याच अटीवर, की पिशवी जाड असावी आणि परत गोळा व्हावी. तुम्ही तिची बॅग केलीत, त्यात आता परकर शिवणार, काठ शिवणार. दोन वर्षांनी ती फाटली की कुणीच घेणार नाही, कारण प्लास्टिक आणि कापड वेगळं कोण करत बसणार? म्हणजे जी वस्तू परत वापरात आली असती, तिला तुम्ही शेवटच्या स्टॉपला उतरवलंत.

विणायचंच असेल तर ज्याला कुणी विचारत नाही ते विणा. फाटक्या चादरी, विटलेले टी-शर्ट, शिंप्याकडच्या चिंध्या.


डबलबेल

कोरडाकचरा साहेब, मुद्दा बोचला, पण बरोबर आहे. मी भंगारवाल्याला विचारून आलो. तो म्हणाला स्वच्छ असली तर घेतो, पण लोक खरकटी देतात, मुंग्या लागतात, म्हणून बऱ्याचदा तोही टाकून देतो. तेव्हा निम्मं तुमचं, निम्मं माझं. हाफ तिकीट.

एक मात्र सांगतो. मी हे पर्यावरणासाठी सुरू केलं नव्हतं. संध्याकाळी साडेपाचला माझी मुक्कामाची गाडी सुटायची. निवृत्त झालो तरी साडेपाच वाजले की अंग उठायचं. ऑपरेशननंतर उठताही येईना. त्या वेळेला हातात काहीतरी लागायचं, ते हे होतं. बाकीचं पुण्य आपोआप मिळालं तर घेऊ, नाही मिळालं तर नको.

उभाधागा ताई, तुमचं उत्तर सौ. ला वाचून दाखवलं. ऐकून उठली आणि ट्रंकेतून सासूबाईंचं, म्हणजे माझ्या आईचं, इरकली काढून आणलं. हिरवं, रेशमी काठाचं. अंग पार जाळी झालंय, काठ मात्र तुम्ही म्हणता तसा, ओढून बघितला, हलत नाही. कापायचं म्हटल्यावर दोघंही गप्प झालो. दोन दिवस ते पलंगावरच पडून होतं. तिसऱ्या दिवशी तिनंच कात्री चालवली. म्हणाली, ट्रंकेत राहून कसर खाणार, त्यापेक्षा आत्याबाई मंडईत तरी जातील. आईला मंडई फार आवडायची. भाव केल्याशिवाय कोथिंबीर घ्यायची नाही.


मिसिसागाकर

नमस्कार, कॅनडातून लिहितेय. काका, तुम्हाला वाचून मजा वाटेल, आमच्याकडे ओंटारिओतही दूध पिशवीत मिळतं. चार लिटरचा गठ्ठा, बाहेर एक मोठी पिशवी आणि आत तीन लहान. लग्नानंतर इथे पहिल्यांदा बघितलं तेव्हा डोंबिवलीची आठवण येऊन मी दुकानातच हसले होते. इथल्या आज्या त्या बाहेरच्या पिशव्या कापून त्यांच्या झोपायच्या चटया विणतात आणि गरजू देशांना पाठवतात. आमच्या भागातल्या वाचनालयात दर मंगळवारी दहा-बारा जणी बसतात, मीही जाते. एका चटईला शेकड्यांनी पिशव्या लागतात.

तिथे शिकलेलं एक: चटईला अस्तर नसतं, काठ नसतो, तरी ती ताणत नाही, कारण ती कुणी टांगत नाही. काका, प्लास्टिक जमिनीवर सुखी असतं. कोरडाकचरांचं ऐकायचं असेल आणि विणायचंही असेल, तर पुढच्या वेळी बसकर करा. मंदिराच्या थंड फरशीवर, एसटी स्टँडच्या बाकावर, शेतात ओल्या बांधावर. पाणी पीत नाही, झटकलं की साफ, आणि सगळं एकाच जातीचं असल्यामुळे शेवटी भंगारात जाऊ शकतं.


भेळभत्ता

मी उदबत्ती मागे घेतो. पण पट्ट्याचं काय झालं ते सांगा मास्तर, तीन आठवडे झाले.


डबलबेल

सांगतो. जरा उशीर झाला, फिजिओवाला रोज येत होता.

जुना पट्टा काढला. ताईंच्या सांगण्याप्रमाणे 118 साखळ्या घालून लांबच्या लांब पाच ओळी केल्या. एवढी लांब साखळी घालताना तीनदा चुकलो, मग दर दहाव्या घराला सुतळीचा तुकडा बांधला. दहा-दहाचे गठ्ठे, नोटा मोजतो तसे. काठाची पट्टी 87 इंचांची, दुहेरी, सौ. नी पायमशीनवर शिवली. तळाखालून नेली. सुई काठातून जाताना मशीन कुरकुरलं, तिथे 16 नंबरची सुई लावावी लागली. परकराचं अस्तर इंचभर आखूड. फाइलचं कव्हर नातवानं कंपासनं वर्तुळ मारून कापलं.

मंडईत न्यायच्या आधी घरातच ट्रायल घेतली. चार किलो बटाटे भरून दाराच्या खुंटीला रात्री नऊला टांगली. सकाळी सहाला टेप लावला. 46 आणि वर दोन दोरे, म्हणजे पाव इंच. परत मोजला, तितकाच. दुपारपर्यंत तशीच ठेवली, आकडा हलला नाही. विण थोडी खाली सरकलेली दिसते, पण वजन काठावर आहे हे हात घालून कळतं. काठ ताठ, विण सैल. वास सोड्यानं गेला, म्हणजे तोंड आत घातलं तर परकराला लावलेल्या निळीचा येतो.

कढई मात्र अजून थोडी आहे. फाइलच्या कव्हरमुळे लोळत नाही, पण टेबलावर ठेवून एका बाजूला टिचकी मारली की डुलते. राहू दे. नातवाला तेच आवडलंय.

बॅग माझ्याकडे आठ दिवस होती. आता सौ. वापरते. भाजीवाली म्हणे काठाचा कोपरा बाहेर दिसत होता, तो हातात धरून तिनं विचारलं, इरकलीचं आहे का हो, आणि पेंडीला दोन रुपये कमी केले. आत्याबाईंनी मेल्यावरही भाव केला, असं घरी येऊन सांगत होती.

माझ्यासाठी दुसरी घेतली आहे, लंबगोल तळाची, वीस साखळ्यांवर. मिसिसागाकर ताई, त्यानंतर बसकर नक्की, स्टँडवरच्या जुन्या सोबत्यांसाठी. दुसरीच्या 31 पिशव्या जमल्यात, तळ सातव्या फेरीत आहे, सेफ्टी पिन जागेवर आहे. डॉक्टरांनी साखर तपासून चहा दोन वेळांवर आणलाय, त्यामुळे घरात आता दिवसाला एकच पिशवी येते. गाडी थोडी लेट धावेल.